झाकणाची आतली बाजू

आई, तुझ्या हातची एक पेटी मला नागावातच दिसली, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एका बंगल्यातल्या काचेच्या कपाटात. त्या कपाटापर्यंत मी कशी पोचले ते तुला सांगायचं आहे. त्यात माझ्याबद्दल फारसं चांगलं काही नाही आणि तुझ्याबद्दलचंही थोडं आहे, म्हणून सांगायला इतके दिवस लागले. तू गेलीस तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. आता माझी सून माझ्याच स्वयंपाकघरात तिच्या पद्धतीने सोलकढी करते, आणि वाडीत नारळांच्या मागे दोन खोल्या बांधून आम्ही त्या मुंबईच्या पाहुण्यांना देतो. तुझ्या वेळी इथे शनिवारी कोण येत होतं? आता शनिवारी रस्ता ओलांडायला थांबावं लागतं.

बंगल्याचे मालक मुंबईचे, साधारण माझ्याच वयाचे, बोलायला मऊ. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद. दगडी जाती, गलबतावरचे दिवे, देवळातल्या घंटा, आणि पितळेच्या ओतीव पेट्या. बंगल्याची चावी पहिल्यापासून एका बाईकडे असते. ती थळच्या कोळ्यांची मुलगी, लग्न होऊन इथे आली, म्हणून सगळे तिला थळवालीच म्हणतात. ती तिथे झाडते, पुसते, झाडांना पाणी घालते, साहेब येणार असले की मासळी आणून साफ करून ठेवते. आमच्या खोल्यांच्या चादरीसुद्धा तीच धुते. एका रविवारी सकाळी साहेब आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. चहा नको म्हणाले, खुर्चीवरही बसले नाहीत. त्यांच्याकडे जुन्या वस्तूंची जाण असलेल्या एक बाई राहायला आल्या होत्या, आणि त्यांनी कपाटातली एक पेटी हातात घेऊन सांगितलं होतं की ही जुनी नाही, जुनी दिसावी म्हणून केलेली आहे. साहेबांनी तर ती दोनशे वर्षांपूर्वीची म्हणून एका नावाजलेल्या दुकानातून घेतली होती. तेव्हा त्यांच्या मते खरी पेटी कुणीतरी काढून नेली होती आणि तिच्या जागी ही ठेवली होती. मी फसलो असं म्हणण्यापेक्षा मला लुटलं असं म्हणणं माणसाला सोपं जातं, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी नाही सुचलं. त्यांनी विचारलं, “तुम्ही थळवालीला इतकी वर्षं ओळखता. तुम्हाला काय वाटतं?”

मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल, तर थळवालीच्या मुलीचा साखरपुडा. चांगला मोठा मांडव, वर आइस्क्रीम, मुलीच्या कानात नवे झुमके. यंदा मासळीच नाही, बोट धक्क्याला लावून नवरा घरी बसलाय, असं हीच सांगत होती, मग हे कुठून आलं, असं मी त्या मांडवात बसल्या बसल्याच मनात म्हटलं होतं. साहेबांना मी म्हटलं, “माणसाचं काय सांगता येतं.” त्यांनी मान हलवली आणि ते गेले. मी आत येऊन तांदूळ निवडायला बसले, आणि खरं सांगते, तेव्हा मला काही वाटलंही नाही. उलट आपला अंदाज बरोबर निघतोय याचं एक बारीकसं समाधान होतं.

हा स्वभाव मी घरातूनच आणला. आपलं खाडीकाठचं घर आठव. पुढे बाबांची भट्टी, मागच्या पडवीत तुझं मेणाचं काम. बाबांचा कुणावर विश्वास नव्हता. कोळशावाला वजनात मारतो, देवळाचे पंच मोडीच्या पितळेत शिसं मिसळून देतात, शेजारी आपल्या भट्टीची राखही चोरून नेतो. होड्यांच्या दोरांच्या कप्प्या आणि देवळांच्या घंटा ओतून आपलं पोट भरायचं, पण पेट्यांचं काम आलं ते तुझ्यामुळे, कारण मेणात हात चालायचा तो तुझा. मला अजून सगळं दिसतं. तू मातीत भाताचं तूस कालवून पेटीचा गाभा करतेस, तो वाळला की त्यावर मेणाचा थर चढवतेस. मेण आणि राळ चुलीवर एकत्र वितळवतेस, आणि घरभर मधासारखा वास सुटतो, आणि आम्हा पोरांना भूक लागते. चकलीच्या सोऱ्याला बारीक भोकाची चकती लावून तू मेणाचे दोरे पाडतेस आणि ते गाभ्यावर गुंडाळून वेल काढतेस, मासे काढतेस, झाकणावर मोर काढतेस. मग वरून पुन्हा माती. पुढचं बाबांचं. भट्टीत मेण वाहून जायचं, त्याची जागा पितळ घ्यायचं, आणि साचा फोडला की पेटी बाहेर यायची. साचा फुटला म्हणजे तशी पेटी पुन्हा नाही. तू मोर कधी पाहिलाच नव्हतास, म्हणून तुझा मोर कोंबड्यासारखा व्हायचा, जाड पायांचा, मान मागे वळवून स्वतःच्या शेपटीकडे रागाने बघणारा. बाबा हसायचे. शेठ मात्र त्याच्या गुजरातीत म्हणायचा, “बेन, असाच पाहिजे. एकदम जुनो लागे.”

हा शेठ भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचा आणि तिथून एसटीने आपल्याकडे यायचा. पांढरे कपडे, हातात कापडी पिशवी, आमच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या. तो आला की बाबा गप्प व्हायचे आणि तू बोलकी व्हायचीस. त्याच्यापुढे तू पेट्या मांडायचीस, आणि तो एक-एक उचलून खिडकीच्या उजेडात धरायचा, जसं बाबांनी कधी तुझं काम धरलं नाही. एकदा तो गेल्यावर बाबांनी तुला विचारलं, हे मला शब्दाला शब्द आठवतं. “ह्या पेट्या कुठं जातात, कोन काय सांगून इकतो, तुला ठावं हाय का?” तू चुलीतलं लाकूड मागे ओढलंस आणि म्हणालीस, “मला मेन ठावं हाय. बाकी शेटला इचारा.” बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. ते कशावर रागावले होते, पेट्यांवर की शेठवर, हे मला कळायचं वय नव्हतं, पण काहीतरी लपवलं जातंय एवढं कळायचं वय होतं.

मग मी तुझ्यावर पाळत ठेवायला लागले. भरती ओसरली की तू दुपारी गोणपाट घेऊन खाडीच्या चिखलात, खाजणाकडे जायचीस. मी येऊ का विचारलं की म्हणायचीस, “शिंपल्या काढाय जाते, चिखलात तू रुतशील.” येताना गोणपाटात वरती शिंपल्या असायच्याही. पण जाताना ते जड का असायचं? एका दुपारी मी बांधाआडून तुझ्यामागे आले. तू तिवरांच्या मुळांशी वाकून चिखल उकरत होतीस, आणि गोणपाटातलं काहीतरी त्यात ठेवून वर चिखल लोटत होतीस. मग तिथे एक काठी रोवलीस आणि इकडेतिकडे पाहिलंस. ते पाहणं मी कधी विसरले नाही. आपलं माणूस चोरासारखं पाहतं तेव्हा कसं दिसतं ते मला त्या दिवशी समजलं. मी ठरवून टाकलं की तू दागिने साठवतेस, आणि एक दिवस शेठबरोबर लाँचमध्ये बसून जाणार आहेस. कुणाला विचारायची सोय नव्हती. त्यानंतर कितीतरी दिवस मी दुपारी निजताना तुझा पदर मुठीत धरायचे. तू तो हळूच सोडवायला लागलीस की मला जाग यायची. तुला वाटायचं, पोरगी लाडात आली आहे. एकदा तू बाबांना हौसेने तसं सांगितलंसही.

पितळेला जुनेपणाचा हिरवट कळक चढावा म्हणून तू पेट्या त्या खाऱ्या चिखलात पुरत होतीस, हे मला मोठेपणी समजलं, तेही कुणी न सांगता. शेठ यायचा बंद झाला, का ते घरात कुणी बोललं नाही. बाबा भट्टी मोडून थळच्या खत कारखान्यात ठेकेदाराकडे लागले. तू पुन्हा कधी मेणाला हात लावला नाहीस, मेणबत्तीसाठीसुद्धा नाही. तेव्हा तरी मी विचारायला हवं होतं. पण संशय एकदा जुना झाला की त्याच्याबद्दल विचारणंच चोंबडेपणाचं वाटतं. तू आजारी पडलीस तेव्हा मी तुझ्याजवळ बसून होते, आणि तेव्हाही एकदा माझ्या मनात आलं की आता विचारावं. त्याऐवजी मी तुला पेज भरवली.

तर, साहेब आमच्या अंगणातून गेले त्याच दुपारी थळवाली आली. रडत नव्हती. धुतलेल्या चादरींचं गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि उभीच राहिली. साहेब म्हणाले आहेत, संध्याकाळपर्यंत खरी पेटी कुठे आहे ते सांग, नाहीतर अलिबागला पोलिसांत जातो. तिच्याकडे या रस्त्यावरच्या आणखी तीन बंगल्यांच्या चाव्या आहेत, त्या सगळ्या एका दिवसात जातील. मुलीच्या सासरी कळलं तर तेही. मग ती म्हणाली, “चावी माझ्याकडंच हाय, तवा चोर मीच. दुसरा कोन असनार? पन ताई, मला ती पेटी चोरून करायची काय? तो कोंबडा तर मला पुसायला बी आवडत न्हाय.”

मी विचारलं, कसला कोंबडा. ती म्हणाली, झाकणावर आहे, मान उलटी करून बघतोय, मेला.

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघाले. मला तेव्हा तिची काळजी होती असं म्हणण्यात अर्थ नाही. मला तो मोर बघायचा होता.

साहेबांनी पेटी टेबलावर, पांढऱ्या रुमालावर ठेवली होती. त्या जाणकार बाई शेजारी बसल्या होत्या, चष्मा गळ्यात, हात मांडीवर. मी लांबूनच ओळखलं. पाय जाड, मान वळलेली, डोळ्यात तोच राग. बाईंनी मला शांतपणे समजावून सांगितलं की खऱ्या जुन्या पेटीला माणसाचे हात लागलेले असतात, कडा झिजतात, बिजागरी ढिली होते, आणि हिला कळक आतून-बाहेरून सारखाच चढलाय, म्हणजे ही कुणी वापरलेलीच नाही. त्यांचं सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, “ही माझ्या आईनं केली आहे. ही बदललेली नाही. ही कधी जुनी नव्हतीच.”

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या थळवालीकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. ते काय जुळवत होते ते मला दिसत होतं, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच जुळवलं असतं. ते म्हणाले, “सकाळी तुम्ही वेगळं बोललात. आता हिच्याबरोबर आलात, आणि आता ही पेटी तुमच्या आईची?” थळवालीनेही माझ्याकडे वळून पाहिलं. सकाळी मी काय बोलले होते ते तिला तेव्हा समजलं.

माझ्याजवळ पुरावा काहीच नव्हता. पण त्या मोराकडे पाहता पाहता मला पडवीतली एक दुपार आठवली. तू पाटाला पाणी लावून त्यावर मेण लाटते आहेस, पोळीसारखं, झाकणाला. मी जवळ बसले आहे. डाव्या हाताचं माझं बोट नुकतंच विळीवर कापून बरं झालं आहे, त्यावर तिरका वण आहे. तू राळ ढवळायला चुलीकडे वळतेस आणि मी ते बोट गरम मेणात, कडेजवळ, झाकणाच्या आत येणाऱ्या बाजूवर दाबते. किती छान रुतलं होतं! तू लाकडी उलथणं माझ्या मनगटावर मारतेस. “हात लावू नको म्हटलं ना? गूळ हाय का त्यो?” मी भोकाड पसरते. मग तू सुरी तापवून त्या मेणावरून फिरवतेस आणि मला दाखवतेस, “गेलं बघ. आता कुनाला दिसनार न्हाय.” मी डोळे पुसत होते, मी नीट पाहिलंच नाही.

हेच झाकण ते, याची खात्री नव्हती, तरी मी बाईंना म्हटलं, झाकण उघडून आतल्या बाजूला बघा, बिजागरीजवळ काही आहे का. त्यांनी भिंग घेतलं, पेटी खिडकीच्या उजेडात धरली आणि झाकण हळूहळू तिरकं करत पाहिलं. मग म्हणाल्या, “बोट आहे. लहान मुलाचं. मध्ये कापल्यासारखी रेघ.” मी माझं बोट पुढे केलं. कशावर उठवायचं याचा विचार चालला होता, तेवढ्यात थळवाली आत जाऊन कणीक घेऊन आली, घट्ट मळून. मी तीत बोट दाबलं. बाईंनी कणकेचा गोळा पितळेशेजारी ठेवला. एक मोठं, एक लहान, रेघा मात्र त्याच, आणि त्यांना तोडत जाणारा तिरका वणही तोच. साहेब वाकले, त्यांनी पाहिलं, भिंग परत दिलं आणि खुर्चीत बसले. कुणी माफी मागितली नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “म्हणजे तुमच्या आई बनावट माल करत होत्या?”

आई, याचं उत्तर मी काय द्यायचं होतं? मी म्हटलं, ती पेट्या करायची, त्या दोनशे वर्षांच्या आहेत असं तुम्हाला ज्याने सांगितलं त्याला जाऊन विचारा. पण बाईंनी कळकाचं विचारलं तेव्हा मी खाजणाचं सांगून टाकलं. गोणपाट, तिवरं, काठी, सगळं. परक्या माणसांपुढे, एवढ्या वर्षांनी, तुझं झाकलेलं उघडं केलं. थळवाली ऐकत होती. साहेबांनी पेटी रुमालात गुंडाळून गाडीत ठेवली, त्या दुकानदाराला दाखवायला. ती मला पुन्हा दिसली नाही. मी मागितलीही नाही.

थळवालीने त्याच संध्याकाळी बंगल्याची चावी टेबलावर ठेवली. साहेब राहा म्हणाले, पण ती राहिली नाही. परत येताना फाटकाशी थांबून तिने मला एवढंच विचारलं, “तुमाला बी वाटलंच व्हतं ना, मीच घेतली म्हनून?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मला वाटलंच.” पुढच्या आठवड्यात ती चादरी न्यायला आली, आणि अजूनही येते. पण आता चादरी मोजून घेते आणि माझ्यासमोर मोजून परत देते. पूर्वी मोजत नसे. झुमक्यांचं म्हणशील तर ते थळवालीच्या आईचे होते, मोडून नवे केलेले. हे मी विचारलं नव्हतं, तिनेच एकदा सहज सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

एवढं तुला कळवायचं होतं. हे पत्र कुठे पोचणार नाही हे बरंच आहे, कारण आता लिहिते ते तू वाचावंस असं मला वाटत नाही. निघण्याआधी त्या जाणकार बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तुमच्या आईनं ते बोट मुद्दाम ठेवलं असेल का. पुढे कधीतरी कुणाला खरं कळावं म्हणून, किंवा तुमच्यासाठी. त्यांच्या आवाजात तुझ्याबद्दल आदर होता, आणि त्या दिवसात तसा आवाज मी प्रथमच ऐकत होते. मी म्हटलं, हो, मुद्दामच, तिनं मला तसं सांगितलं होतं. त्यांनी ते टिपून घेतलं. तू मला तसं काही सांगितलं नव्हतंस. तू सुरी मुद्दाम नुसती वरून फिरवलीस, की राळ उतू जात होती म्हणून घाईत ती जागा राहून गेली, हे मला माहीत नाही, आणि बहुतेक घाईच असेल, असं मला अजूनही वाटतं.